तेजी-मंदी

सुपर कॉरिडॉर, सहावा मजला,
रात्रीचे साडेआठ.
मी जगाची बेरीज करते आहे:
कोणता देश पुढच्या वर्षी
संगणकांवर किती पैसे उडवणार.

यंदा सव्वापाच ट्रिलियन.
शाळेत खासगीवाले बाई घोकून घ्यायच्या
अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म.
महापद्मापाशी आमचा वर्ग हसायचा,
इतके पैसे असतात कोणाकडे, बाई?
नसतात कोणाकडे, बाई म्हणायच्या,
मोजता मात्र यायला हवेत.
आता रोज मोजते.

डेटा सेंटर वर. सॉफ्टवेअर वर.
फोन, लॅपटॉप जागच्या जागी,
किराणा दुकानातल्या मांजरासारखे.
डब्लिनहून फिओना लिहिते,
वाढ नऊ पूर्णांक तीन टक्के फार भित्री वाटते,
नऊ पूर्णांक आठ चालेल का?
चालेल. न चालायला काय झालं.
अर्धा टक्का, म्हणजे सव्वीस अब्ज डॉलर,
एका ईमेलमध्ये जन्माला आले.
बारसं मी केलं.

हे भास्करमामाला सांगितलं तर तो खोकेपर्यंत हसला.
तो सराफ्यात एका पेढीवर वायद्याच्या वह्या लिहायचा,
रुई, एरंडी, चांदी.
अजून बोंडातही नसलेला कापूस
त्याच्या टाकाखालून इकडचा तिकडे जायचा,
पण आयुष्यात एका गासडीला त्याचा हात लागला नाही.
शेटजी तेजीचं बोलले की गल्ली तेजी करायची
आणि मग तेजी यायचीच, म्हणाला,
शेटजी मागल्या दारानं विकायला लागेपर्यंत.
अंदाज खरा ठरला तर कोणी विचारत नाही, पोरी.
खोटा ठरला की कारण लागतं.
कारण आधी लिहून ठेवावं.

आमच्याकडे त्याला तळटीप म्हणतात.

मामाचा फोन बटणांचा.
त्यावर चारचा आकडा उमटेना,
आणि माझ्या नंबरात चार तीनदा येतो.
जेल रोडवर तन्वीर म्हणाला, भिया, अब नया ले ही लो.
मामा स्टुलावर बसूनच राहिला,
शेवटी एका मेलेल्या फोनचं बटण काढून त्यानं याला बसवलं.
चाळीस रुपये, चहा धरून.
ते चाळीस मी आमच्या तक्त्यात शोधले, गंमत म्हणून.
कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

पावणेदहा. शेवटची ओळ राहिली:
सेवा, विश्लेषण, अहवाललेखन.
घट, शून्य पूर्णांक चार टक्के.
कारण: हे काम आता यंत्र करते.

एवढ्याशा आकड्यात किती खुर्च्या मावतात
ते मागे वळून मोजलं.
जसलीन छाबडा. रात्रपाळीचा मुळ्ये, डब्यातली लसणाची चटणी सगळ्यांना वाटणारा.
खिडकीपाशी ती नवी मुलगी,
मंगळवारीच हप्त्यावर स्कूटर घेतलेली, चावी अजून टेबलावर दिसेल अशी ठेवते.
मी.

आकडा तीनदा तपासला.
बरोबर होता.
बोट थोडा वेळ बॅकस्पेसवर नुसतं टेकून राहिलं.
चुकवायचा म्हटला तर किती चुकवणार,
आणि कोणासाठी,
फिओनाचीही खुर्ची ह्याच ओळीत असेल कुठेतरी,
डब्लिनच्या पावसाकडे पाठ करून.

पाठवून दिला.
खाली उतरले. दिव्यांची रांग थेट विमानतळाकडे गेलेली,
दोन्ही बाजूंना रिकाम्या प्लॉटांवर फलक:
आज घ्या, दोन वर्षांत दुप्पट.
एका फलकाखाली कुत्री झोपली होती, तिची चार पिल्लं.

मामाचा फोन आला, नव्या बटणावरून.
काय गं, आज भाव काय फुटला?

तेजी, म्हटलं.

तो जरा थांबला.
बरं. पण विकतंय कोण, ते पाहिलंस का?

समोरून एक ऑटो येत होता. मी हात केला.